ओवाळणी मिळाली, वाट्याचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, दुकान म्हणजे काय तर दहा बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. पेपरला पत्र वगैरे लिहायची सवय नाही. पण लाडकी बहीण योजनेवर तुमच्या पेपरात जे काही येतं ते मी रोज वाचतो, एक दिवस तिजोरीवर बोजा पडला म्हणून बातमी, दुसऱ्या दिवशी कुणा पुढाऱ्याचा लेख की घराघरात क्रांती झाली, आणि दोन्ही वाचून वाटतं की या मंडळींनी एक दिवस माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसावं. सरकार कुटुंब कशाला म्हणतं हे फॉर्म भरताना कळतं साहेब, कुठल्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे त्यावरून कळतं.

परवाचीच गोष्ट. म्हणजे परवाची नाही, ई-केवायसीची, म्हणजे योजनेतली नावं आधारवरून परत तपासायची, गर्दी होती तेव्हाची. आधी 2025 च्या 18 नोव्हेंबरची मुदत होती, मग 31 डिसेंबर केली, दिवसा साईट चालायचीच नाही म्हणून मी रात्री शटर अर्धं ओढून बायांच्या केवायसी करत बसायचो. एक बाई आली, असेल पस्तिशीची, वस्तीवरून चालत आलेली. तिचा आधार नंबर टाकला, तिच्या मोबाईलवर ओटीपी आला, इथपर्यंत झालं. पुढचं पान उघडलं तर पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाका आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी टाका. बाई गप्प. म्हटलं काय झालं ताई, तर म्हणाली नवरा सहा वर्षं झाली नांदवत नाही, दुसरी केलीय, पलीकडच्या तालुक्यात असतो. वडील? ते आधार निघायच्या आधीच वारले. सोडचिठ्ठीचा कागद? कागद कुठला, गावात चार माणसं बसली होती तेवढंच. आता गंमत बघा, योजनेच्या जीआरमध्ये पात्र कोण तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, म्हणजे टाकलेली बाई कागदावर पात्र आहे, पण तिला पैसे चालू राहायला ज्यानं टाकलं त्याच्याच मोबाईलवरचा ओटीपी पाहिजे. त्याचा आधार नंबर तिच्याकडं होता, जुन्या रेशनकार्डाच्या मागं पेनानं लिहिलेला. शेवटी माझ्याच फोनवरून तिनं त्याला फोन लावला. स्पीकर लावला नव्हता तरी मला ऐकू येत होतं, तो म्हणत होता, सांगतो ओटीपी, पण महिन्याला पाचशे मला टाकायचे. ती नुसती फोन कानाला धरून उभी. मी स्क्रीनकडं बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघावं कळेना. मग 'बरं' म्हणाली आणि सहा आकडे एकेक करून मला सांगितले.

मी सबमिट दाबलं. तिच्याकडून फॉर्मचे पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतंय.

(त्याच फॉर्मात खाली एक प्रश्न होता, कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत 'नाही' याला होय म्हणायचं का नाही म्हणायचं, असा उलटा. माझ्यासारख्या रोज फॉर्म भरणाऱ्याला दोनदा वाचावा लागला, घरी बसून स्वतःच्या मोबाईलवर केवायसी केलेल्या बायांचं काय झालं असेल विचारू नका, हप्ता बंद झाला म्हणून आता त्याच माझ्याकडं येतायत.)

बरं हा नवऱ्याचा ओटीपी कायद्याला धरून आहे म्हणावं तर तसंही नाही. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा काय सांगतो, तर रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई लावायची. आपल्याच राज्यानं 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव लावायचं असा नियम केला, त्याच्या किती जाहिराती झाल्या. केंद्राच्या मातृवंदना योजनेत सुरुवातीला नवऱ्याचं आधार लागायचं, एकट्या बायांची अडचण होते म्हणून नंतर ती सक्ती काढली. म्हणजे एका दारानं नवरा बाहेर काढला आणि दुसऱ्या दारानं परत आणून बसवला. कारण विचाराल तर म्हणतील, घरातलं उत्पन्न अडीच लाखाच्या आत आहे का ते तपासायचं होतं, बोगस नावं काढायची होती. तेही खरंच आहे, 26 लाख नावं संशयास्पद निघाली असं मंत्र्यांनीच सांगितलं आणि त्यात 14 हजारांवर तर पुरुष होते. पैसा कमी पडायला लागला की चाळणी लावावी लागते हे मी समजू शकतो. पण चाळणी कुठली घ्यायची हे ठरवताना डोक्यात जे घर असतं ना, त्या घरात बाई कुणाची तरी असते, नवऱ्याची नाहीतर बापाची.

आता नावाकडं येतो. बहीण. हे नाव ज्यानं काढलं (मध्य प्रदेशाकडून घेतलं म्हणतात, त्यांची लाडली बहना 2023 ची) त्याला आपल्या माणसांची नाडी बरोबर सापडली. 28 जून 2024 ला बजेटमध्ये घोषणा, 17 ऑगस्टला बालेवाडीत कार्यक्रम करून जुलै-ऑगस्टचे 3000 एकदम, दोन दिवसांवर राखीपौर्णिमा. मग दिवाळीच्या तोंडावर नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरातच, भाऊबीज म्हणून, आणि 20 नोव्हेंबरला मतदान. माझ्या दुकानात बाया आल्या की विचारायच्या, भाऊ, ओवाळणी आली का बघा बरं. हप्ता कुणी म्हणत नव्हतं, ओवाळणी.

पण साहेब भाऊ म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगतो, मी स्वतः भाऊ आहे. महाराष्ट्रानं 1994 सालीच, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा द्यायचा कायदा केला, केंद्राचा 2005 ला आला. आमचे वडील 2016 ला गेले. चार एकर, त्यातली अडीच पाण्याखालची, म्हणजे बागायत. दोन बहिणी. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई धरून चौघांची नावं लागली, आणि दोनच महिन्यांत मी दोघींना तालुक्याला घेऊन गेलो, रजिस्टर हक्कसोडपत्र केलं. दोघींना साड्या घेतल्या, चांगल्या घेतल्या, बाराशेच्या वरच्या, दाजींना टॉवेल-टोपी, हॉटेलात जेवण. कुणी जबरदस्ती केली नाही. थोरली ताई सही करताना एवढंच म्हणाली, दिवाळीला बोलावशील ना? मी हसलो, म्हटलं काय बोलतेस. तिचा हिस्सा एक एकर होत होता, आज आमच्याकडं पाण्याखालची जमीन काय भावानं जाते ते सगळ्यांना माहितीय, आणि मी तिला वर्षाला एक साडी आणि ताटात पाचशे टाकतो. त्यात मला कधी काही चुकीचं वाटलं नव्हतं, गावात सगळे असंच करतात. हे केवायसीचं सुरू झालं, रोज शंभर वेळा 'लाडकी बहीण' टाईप करायला लागलो, तेव्हा कुठं डोक्यात किडा वळवळायला लागला.

सरकार माझ्यासारखंच वागतंय असं माझं म्हणणं आहे. बहिणीला सणाला काहीतरी द्यायचं, मनापासून द्यायचं, फोटो काढायचा, पण वाटणीचा विषय निघाला की दाजींना बोलवा.

माझा मावसभाऊ तामिळनाडूत होसूरला कंपनीत आहे, त्याची बायको तिकडचीच. तिलाही महिन्याला हजार येतात, तिथली योजना 2023 च्या सप्टेंबरातली, नाव मगळिर उरिमै तोगै. मी विचारलं उरिमै म्हणजे काय, तर म्हणे हक्क. महिलांची हक्काची रक्कम. घरात बाई जे बिनपगारी राबते त्याची दखल म्हणून देतोय असं तिथल्या सरकारनं म्हटलंय. तिथंही अडीच लाखाची अट आहे, तिथंही राजकारण आहेच, निवडणुका तिथंही होतात, आणि रक्कम आपल्यापेक्षा पाचशेनं कमी आहे. पण ती वहिनी पैसे आले का विचारताना कुणाला भाऊ म्हणत नाही. एवढा फरक शब्दानं पडतो का मला माहीत नाही, पण हक्काचे पैसे थांबले तर माणूस भांडतो आणि ओवाळणी थांबली तर बहीण गप्प बसते, एवढं मी दुकानात बघितलंय. 2100 करू म्हणाले होते, किती बाया भांडायला गेल्या?

कुणी असं समजू नका की मी योजनेच्या विरोधात आहे. दीड हजारात काही होत नाही म्हणणाऱ्यांनी वस्तीवर येऊन बघावं, शेळी घेतलेली बघितलीय मी, पोरीच्या बारावीच्या क्लासचे हप्ते भरलेले बघितलेत, बचत गटात आता वेळेवर पैसे येतात. प्रश्न एवढाच आहे की पहिल्या वर्षाला 46 हजार कोटी लागतील म्हणाले, 2025-26 च्या बजेटला 36 हजार कोटी ठेवले, आणि त्यातही सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागाचा निधी तिकडं वळवला म्हणून सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच आरडाओरडा केला. एवढ्या पैशात घरातल्या बाईचं ओझं नेमकं कुठं हलकं झालं? ती जे रोज करते, पोरं सांभाळणं, म्हातारी माणसं बघणं, त्यातलं एक तासाचं काम तरी कुणी उचललं का?

आणि विधवेचं काय ते ऐका. संजय गांधी निराधार योजना, पैसे तेवढेच, दीड हजार. उत्पन्नाची अट किती, तर कुटुंबाचं वर्षाचं 21 हजार. वर्षाचं हां, महिन्याचं नाही. म्हणजे महिन्याला 1750 रुपये, यात कुठलं घर चालतं ते तहसीलदारानं मला दाखवावं, सगळ्यांना माहितीय की एकवीसचा दाखला म्हणजे नुसता कागद आहे, तरी बिचारी म्हातारी तो काढायला चार चकरा मारते आणि दरवर्षी हयातीचा दाखला देते. बहिणीला अडीच लाखापर्यंत चालतं. निराधार बाई मतदार म्हणून थोडी आहे आणि बहीण कोटीत आहे, एवढंच मला यात दिसतं.

आता अंगणवाडी. या योजनेचे अर्ज भरायला अंगणवाडीच्या ताईंना अर्जामागं 50 रुपये देऊ म्हणाले, ते मिळायला त्यांना किती थांबावं लागलं ते त्यांनाच विचारा. त्यांचा पगार नसतो, 'मानधन' असतं. त्या कर्मचारी नसतात, 'सेविका' असतात. दिवाळीला बोनस नसतो, 2000 रुपये 'भाऊबीज भेट' असते, सरकारी भाषेत खरोखर हेच नाव आहे, मी त्यांच्या आदेशाच्या झेरॉक्स काढतो. ग्रॅच्युइटी द्या म्हणून त्यांच्या बाजूनं निकाल यायला 2022 उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यावर. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि पन्नास वर्षं आपण धरून चाललोय की लेकरं सांभाळणं ही बाईची माया आहे, मायेचा कुठं पगार असतो. आईला द्यायची ओवाळणी आणि सेविकेला द्यायची भाऊबीज, दोन्ही एकाच खिशातून, महिला व बालविकास.

आणि अंगणवाडी किती वेळ? आमच्या गावात दुपारी एक-दीडला लेकरं घरी. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तर तिथं ठेवताच येत नाही, त्याच्या आहाराचं पाकीट घरी येतं, लेकरू आईच्याच कडेवर. ज्या बाईला कापूस वेचायला नाहीतर खुरपायला जायचं ती नऊला निघते आणि सहाला येते. मधल्या वेळेत लेकराला कोण बघणार, तर आजी. आजी नसली तर नऊ-दहा वर्षांची थोरली पोरगी, आणि तिथून तिची शाळा बुडायला लागते.

माझ्या घरातलंच सांगतो. माझी बायको नर्सिंगचा कोर्स केलेली, तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात होती, नाव लिहीत नाही. मुलगी पोटात असताना आम्हाला कुणीतरी सांगितलं की आता 26 आठवडे पगारी रजा आहे, 2017 ला कायदा बदललाय. तिनं विचारलं. तर कळलं की तो कायदा दहा आणि दहाच्या वर माणसं असतील तिथं लागू, आणि हिच्या दवाखान्यात मस्टरवर आठच. प्रत्यक्षात चौदा जण काम करायचे, बाकीचे व्हाउचरवर. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, तो सरळ म्हणाला, सिस्टर, सहा महिने तुमचा पगार मी खिशातून भरायचा आणि वर दुसरी ठेवायची, कसं परवडणार. आणि त्याचंही खोटं नाही हो, कायदा सरकारनं केला, कौतुक सरकारचं झालं आणि बिल मालकाच्या नावानं फाडलं, मग मालक काय करतो, लग्न ठरलेल्या पोरीला कामावर घेतच नाही. हिनं नोकरी सोडली. माझी आई होती तेव्हा, ती म्हणाली मी बघते लेकराला, तू जा, पण आई पुढच्याच वर्षी गेली, मग कुठलं काय. हायवेच्या पुलाला बजेट सापडतं, गावात एक पाळणाघर म्हटलं की लोक हसतात, म्हणतात घरात बाया कशाला आहेत मग.

आमच्या भागात तर हिशोब अजून वेगळा. इथून दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं ऊस तोडायला जातात, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, चांगलं झालं, पण तो दर टनावर, जोडीचा, हिशोब मुकादम आणि नवरा करतात, बाईनं बांधलेल्या मोळ्यांचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो. लग्नाची परंपरा आणि साखरेचा धंदा एकमेकांत असे बसलेत की पोराचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षीच्या पोरीशी का लावलं विचारलं तर बाप सांगतो, कोयता करायचा होता. खाडा पडला की दंड, मग पाळी आली काय आणि दिवस गेले काय. शेजारच्या बीडमध्ये गर्भपिशव्या काढायचा विषय 2019 ला गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली तर त्यातल्या 13 हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या. तेव्हा बहीण कुणाला आठवली नाही.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची, खडी फोडायला जायची, माझ्या वडिलांची झोळी बाभळीला बांधून. रोजगार हमी महाराष्ट्रानं देशाला दिली, 1977 चा आपला कायदा. पुढं केंद्राच्या रोजगार हमीत लिहून ठेवलं की कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. किती साधी गोष्ट आहे बघा, लेकरं सांभाळणं हे काम आहे असं कायद्यानं मजुरी लावून मान्य केलं. मी रोजगार हमीचे मस्टर ऑनलाईन भरायचं काम तीन वर्षं केलंय, त्या तीन वर्षांत पाळण्यावरच्या बाईची हजेरी मी एकदाही भरली नाही. लेकरं नव्हती असं नाही, ती बांधावरच खेळत होती.

तर माझं मागणं फार मोठं नाही. केवायसीतून नवऱ्याचा-बापाचा ओटीपी काढा, उत्पन्न तपासायचं तर रेशनकार्डावरून तपासा, तिथं कायद्यानं तीच प्रमुख आहे. आणि पुढचा हप्ता वाढवायचा विषय निघेल तेव्हा ते वाढीव पैसे अंगणवाडी संध्याकाळी सहापर्यंत चालवायला लावा, केंद्राची पाळणा योजना 2022 पासून आहेच, त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, आणि त्या ताईला मानधनाऐवजी पगार म्हणा. बाया नाराज होतील असं पुढाऱ्यांना वाटतं. मी दुकानात पाच-सहा जणींना विचारलं, त्यातल्या चौघी म्हणाल्या पैसेच बरे, ते निदान हातात येतात, अंगणवाडी उघडी राहील याचा काय भरवसा. एक म्हणाली, सहापर्यंत लेकरू ठेवणार असाल तर मीच तुम्हाला दोनशे देते. तर हे असं आहे, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ती फोन धरून उभी राहिलेली बाई गेल्या आठवड्यात परत आली होती, पासबुकाची एंट्री घ्यायला. पैसे आले होते. त्याला पाचशे टाकले का, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जाताना म्हणाली, भाऊ, एक अर्ज लिहून द्या, तहसीलला द्यायचा, मला वेगळं रेशनकार्ड पाहिजे. अर्ज लिहून दिलाय, सोबत काय काय जोडायचं ते बघत होतो तर यादीत तिसऱ्या नंबरला पतीचं संमतीपत्र लिहिलेलं. तुमच्या वाचकांत कुणी वकील असेल, किंवा पुरवठा विभागातलं कुणी असेल, तर त्यांनी यावर मार्ग काय ते कृपया तुमच्याच पेपरातून कळवावं, मी कटिंग काढून दुकानात लावीन.

उद्या बाजार आहे, सकाळी लवकर उघडावं लागतं, म्हणून इथंच थांबतो. मोबाईलवर टाईप केलंय, चुका सांभाळून घ्या.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर